मुलूखगिरी संपली, आता कारभार करा : सत्तेवर आलेल्यांना खुले पत्र

नव्याने सत्तेवर आलेल्या सर्वांस,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही जिंकलात याचा मला मनापासून आनंद आहे. मी तुमच्याच बाजूने होतो. उन्हातान्हात दारोदार फिरलो, रात्री जागून मतदारयाद्यांवर खुणा केल्या, सभेच्या खुर्च्या मांडल्या आणि सभा संपल्यावर उचलल्याही. तेव्हा हे पत्र हरलेल्या बाजूच्या माणसाचं समजू नका. ते खुलं लिहितोय, कारण त्यातला अर्धा मजकूर तुमच्यासाठी आहे आणि अर्धा माझ्यासोबत राबलेल्या कार्यकर्त्यांसाठी. दोघांनीही तो एकमेकांसमोर वाचावा, अशी माझी इच्छा आहे.

आपल्या भाषेत मुलूखगिरी असा शब्द आहे आणि मुलकी कारभार असाही. मुलूख दोन्हीकडे तोच. पण मुलूखगिरीला घोडा लागतो, हत्यार लागतं, इशारा होताच निघणारी माणसं लागतात. मुलकी कारभाराला दफ्तर लागतं, जमाखर्च लागतो आणि समोरच्याचं पुरतं ऐकून घेण्याचा धीर लागतो. एकात तरबेज असलेला माणूस दुसऱ्यात आपोआप तरबेज होत नाही. पहिल्यात तो जितका मुरलेला, तितकं दुसरं त्याला जड जातं. ज्या सवयींनी यश दिलं त्याच आता आड येताहेत, हे त्याच्या मनाला पटतच नाही.

हे कुणीतरी राजाला तोंडावर सांगितलं, त्याला बावीसशे वर्षं झाली. इ.स.पू. २०२ मध्ये चीनमध्ये लिऊ बांग सम्राट झाला. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला, आधी गावपातळीवरचा किरकोळ अधिकारी. बंडात उतरला, अनेकदा हरला आणि शेवटी शियांग यू या बलाढ्य सेनापतीला हरवून त्याने हान घराण्याची स्थापना केली. त्याच्याकडे लू ज्या नावाचा एक विद्वान होता. तो बोलताना सारखे जुन्या ग्रंथांचे दाखले द्यायचा. एकदा लिऊ बांग भडकला. हे राज्य मी घोड्यावर बसून मिळवलंय, तुझ्या ग्रंथांचं मला काय काम? लू ज्या म्हणाला, घोड्यावर बसून मिळवलंत खरं, पण घोड्यावर बसूनच ते चालवता येणार आहे का? आणि पुढे त्याने विचारलं, तुमच्या आधीच्या छिन घराण्याने सगळा देश जिंकल्यावर आपली रीत बदलली असती, तर हे राज्य तुमच्या हाती आलंच कसं असतं?

इतिहासकार सिमा छ्येन लिहितो की सम्राटाला राग आला, पण चेहऱ्यावर शरमही दिसली. मग त्याने लू ज्याला सांगितलं, छिन घराण्याने राज्य का गमावलं आणि मला ते का मिळालं, हे माझ्यासाठी लिहून काढ. लू ज्याने बारा प्रकरणं लिहिली. लोक या गोष्टीतलं घोड्याचं वाक्य लक्षात ठेवतात. मला लिऊ बांगची शरम जास्त मोलाची वाटते. नुकत्याच जिंकलेल्या, हातात सैन्य असलेल्या माणसाला तोंडावर कुणीतरी प्रश्न विचारतो, आणि तो त्याला हाकलून न देता लिहायला बसवतो. असा प्रश्न विचारायचा अधिकार तुमच्या आसपास आज कुणाला आहे, याचा एकदा शांतपणे विचार करा.

छिन घराण्याचं काय झालं होतं? त्यांनी इ.स.पू. २२१ मध्ये सगळी प्रतिस्पर्धी राज्यं बुडवून चीन एक केला. त्यांची ताकद कडक कायद्यात होती. उशीर झाला शिक्षा, चूक झाली शिक्षा, कामगिरी केली तर बढती. युद्धासाठी ही यंत्रणा अप्रतिम होती. जिंकल्यावरही त्यांनी तीच तशीच चालू ठेवली. इ.स.पू. २०९ मध्ये सरहद्दीवर पहाऱ्यासाठी निघालेली नऊशे माणसं पावसात अडकली. सिमा छ्येनच्या वृत्तांतानुसार उशिरा पोहोचण्याची शिक्षा मृत्यू होती. त्यांच्यातल्या दोघांनी हिशेब केला की पोहोचलो तरी मरण आणि बंड केलं तरी मरण, मग बंडच का करू नये? तिथून वणवा पेटला आणि इ.स.पू. २०६ मध्ये, देश एक केल्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांत, ते राज्य संपलं. सैन्याला वेळेवर रणात नेणाऱ्या कायद्यानेच पावसात अडकलेल्या माणसांना बंडखोर केलं. कायद्यातलं अक्षरही बदललं नव्हतं, आजूबाजूचा काळ बदलला होता. पुढच्या पिढीतल्या ज्या यी या तरुण विचारवंताने छिनच्या पतनाचं कारण हेच सांगितलं. जिंकून घेण्याची परिस्थिती वेगळी आणि राखण्याची वेगळी, एवढं त्यांना कळलं नाही.

छिन राज्य संपलं त्याच वर्षाची एक लहान गोष्ट मला फार आवडते. लिऊ बांगचं सैन्य छिनची राजधानी श्येनयांगमध्ये शिरलं तेव्हा बाकीचे सरदार सोनं-रेशमाच्या कोठारांकडे धावले. श्याओ ह नावाचा त्याचा कारभारी मात्र आधी दफ्तरखान्यात गेला आणि कायद्यांची बाडं, नकाशे, लोकसंख्येच्या नोंदी ताब्यात घेतल्या. पुढे शियांग यूने ती राजधानी जाळली, पण कुठे किती घरं आहेत, कुठल्या भागात लोक हलाखीत आहेत, कुठला रस्ता कुठे जातो, हे लिऊ बांगला ठाऊक होतं. तुमच्या पहिल्या आठवड्यात तुमची माणसं कशाकडे धावताहेत ते पाहा. दालनं, गाड्या, नावाच्या पाट्या यांच्याकडे जाणारे पुष्कळ दिसतील. जो आधी अर्धवट पडलेल्या कामांची यादी मागतो, तो माणूस हेरून ठेवा.

आता मुद्द्याचं बोलतो, आणि हा भाग माझ्या सोबत्यांना टोचणार आहे.

जिंकल्यावर पद्धत बदला असं म्हटलं की लोकांना वाटतं, हरलेल्यांशी चांगलं वागा एवढंच सांगायचंय. ते तर आहेच. पण खरी कसोटी आपल्याच माणसांपाशी लागते. लढाईत निष्ठा हे सर्वात मोठं मोल असतं. कोण आपला, कोण परका, हे एका नजरेत ओळखावं लागतं, नाहीतर घात होतो. राज्य हातात आलं की सगळेच आपले होतात, ज्यांनी आपल्याला मत दिलं नाही तेसुद्धा, आणि नेमकं हेच आपल्या माणसांना सहन होत नाही. राबलो आम्ही, आणि न्याय सगळ्यांना सारखा? हा प्रश्न मी स्वतः विचारलेला आहे. म्हणून माझ्यावर गुजरलेली गोष्ट सांगतो.

पूर्वी एकदा आमची बाजू अशीच जिंकली होती. त्या वेळी मला एका सरकारी कार्यालयात मदतनीस म्हणून बसवलं गेलं. अर्ज घेऊन येणाऱ्यांना योग्य टेबल दाखवायचं, फॉर्म भरायला मदत करायची, एवढंच काम. पहिले काही दिवस मी ते मन लावून केलं. मग आमची माणसं यायला लागली. कुणी चिठ्ठी घेऊन, कुणी फोन करून. त्यांचे अर्ज वर ठेवावेत अशी सूचना मला कुणी दिली नव्हती. मीच ते वर ठेवायला लागलो. आणि समोरच्याला पहिला प्रश्न विचारायला लागलो, "कोणाकडून आलात?"

एक दिवस एक बाई आल्या. नवरा गेला होता, निवृत्तिवेतनाचे कागद अडकले होते. मी सवयीने विचारलं, "कोणाकडून आलात?" त्यांना प्रश्न कळला नाही. त्या जरा गोंधळल्या, मग म्हणाल्या, "घरून आले."

मी त्यांचा अर्ज घेतला आणि बाकीच्या अर्जांखाली ठेवला. मनात काही वाईट नव्हतं. रोजच्यासारखा हात चालला. त्या चार वेळा आल्या. पाचव्यांदा आल्या नाहीत. त्यांचं काम पुढे झालं की नाही, मला माहीत नाही. पुढच्या निवडणुकीत आम्ही हरलो. त्या रात्री पक्षाच्या कार्यालयात बसून आम्ही सगळ्यांनी मान्य केलं की विरोधकांनी खोटा प्रचार केला. मीही मान डोलावली. त्या बाईंचं "घरून आले" हे उत्तर आठवायला मला पुढची बरीच वर्षं लागली.

लिऊ बांगलाही हा प्रश्न सुटलेला नव्हता. राज्य मिळाल्यावर इनामं वाटायची होती. वीसेक प्रमुख लोकांना ती मिळाली आणि बाकीचे दिवसरात्र आपापल्या पराक्रमावरून भांडत राहिले. एकदा सम्राटाने पाहिलं की सरदार वाळूत घोळक्याने बसून कुजबुजताहेत. सल्लागार चांग ल्यांगला विचारलं, हे काय बोलताहेत? तो म्हणाला, बंडाचं बोलताहेत. त्यांना वाटतंय की तुमच्या जवळच्यांना जहागिरी मिळाल्या आणि ज्यांच्यावर तुमचा राग आहे त्यांना शिक्षा झाल्या, मग आपलं काय होणार? उपाय काय, तर जो माणूस तुम्हाला सर्वात नकोसा वाटतो आणि तसं वाटतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यालाच आधी जहागीर द्या. तो माणूस होता योंग ची. लिऊ बांगचा त्याच्यावर जुना राग होता, पण त्याची कामगिरीही खरी होती. सम्राटाने मेजवानी बोलावली आणि त्याला जहागीर दिली. सरदार निश्चिंत झाले, कारण योंग चीला न्याय मिळतो तर आपल्यालाही मिळेल. एका निर्णयाने सगळ्यांना कळलं की यापुढे मोजमाप मर्जीवर होणार नाही. मी जे मागतोय त्याचं बीज इथे आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. ती वाटणी शेवटी सरदारांमधलीच होती. रांगेतल्या बाईंपर्यंत ती पोहोचत नाही.

सैन्याचं काय करायचं, हा प्रश्न माझ्या माहितीत सर्वात मोठ्या प्रमाणावर रोममध्ये सोडवला गेला. तो सोडवणारा माणूस संत नव्हता, हे आधीच सांगतो. ऑक्टेव्हियन, म्हणजे पुढचा ऑगस्टस, वर आला तो क्रूरपणे. इ.स.पू. ४३ मध्ये त्याने आणि त्याच्या दोन साथीदारांनी मारायच्या माणसांच्या याद्या जाहीर केल्या. प्रसिद्ध वक्ता सिसेरो त्यातच मारला गेला. इ.स.पू. ४१ मध्ये आपल्या निवृत्त सैनिकांना जमिनी देण्यासाठी त्याने इटलीतल्या गावांच्या जमिनी हिसकावल्या. पिढ्यानपिढ्या कसणारी माणसं रस्त्यावर आली आणि त्यातून नवं युद्ध पेटलं. दहा वर्षांनी, इ.स.पू. ३१ मध्ये अ‍ॅक्टियमची लढाई जिंकून तो एकमेव सत्ताधीश झाला, तेव्हा पुन्हा तोच प्रश्न समोर होता आणि या वेळी सैनिक कितीतरी जास्त होते. दोन्ही बाजूंच्या मिळून सुमारे ६० लीजन, म्हणजे हजारो सैनिकांच्या तुकड्या, होत्या. त्या त्याने २८ वर आणल्या. मात्र या खेपेला त्याने जमिनी विकत घेतल्या. गावांना पैसे मोजले. आपल्या आयुष्याच्या जमाखर्चात, जो त्याने कोरून ठेवायला लावला, त्याने अभिमानाने नोंदवलं आहे की सुमारे ५ लाख नागरिकांनी त्याच्या सैन्याची शपथ घेतली होती आणि त्यातल्या ३ लाखांहून अधिक लोकांना त्याने वसाहतींत वसवलं किंवा आपापल्या गावी परत पाठवलं. पुढे इ.स. ६ मध्ये सैनिकांच्या निवृत्तीसाठी स्वतंत्र खजिनाच उभा केला, म्हणजे सैनिकाचं म्हातारपण सेनापतीच्या मर्जीवर राहिलं नाही.

त्याने सत्ता कुणाला परत दिली नाही, दिल्यासारखं दाखवलं. ते मी डोळ्याआड करत नाही. पण माणूस तोच, अडचण तीच, आणि दहा वर्षांच्या अंतराने दोन वेगळ्या रीती. पहिल्या वेळी आपल्या माणसांचं देणं त्याने दुसऱ्याच्या शेतातून फेडलं, दुसऱ्या वेळी खजिन्यातून, मोजून, नियमाने. आपल्या कार्यकर्त्यांचं देणं असतं, हे मला मान्य आहे. कित्येकांनी नोकऱ्या सोडल्या, कर्ज काढलं. त्यांना पक्षाने पक्षाच्या पैशातून सांभाळावं. त्यांच्यात लायक असतील त्यांनी सगळ्यांसारखी परीक्षा देऊन पदं मिळवावीत. देणं फेडण्यासाठी रांगेतल्या माणसाचा नंबर वापरू नये.

काहींना वाटतं की भाषा बदलली की पद्धत बदलली. झिंबाब्वेचं उदाहरण पाहा. एप्रिल १९८० मध्ये स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, पंतप्रधान होऊ घातलेल्या रॉबर्ट मुगाबे यांनी केलेलं भाषण आजही वाचताना मन हलतं. काल ज्यांच्याशी शत्रू म्हणून लढलो ते आज मित्र आहेत, अशा अर्थाचं ते होतं, आणि जगाने त्याचं कौतुक केलं. पण १९८३ च्या सुरुवातीला त्यांनी मातेबेलेलँडमध्ये उत्तर कोरियाने प्रशिक्षण दिलेलं सैन्यपथक पाठवलं. तिथे प्रतिस्पर्धी पक्षाला मानणारी वस्ती होती. हजारो सामान्य माणसं मारली गेली. स्वातंत्र्यलढ्यात कोण कुठल्या बाजूला होतं, या मोजपट्टीनेच तो देश पुढची तीन दशकं हाकला गेला. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांच्याच सैन्याने त्यांना पायउतार व्हायला लावलं.

याच्या उलट माणूस म्हणजे दक्षिण आफ्रिकेतले जो स्लोवो. ते कम्युनिस्ट पक्षाचे नेते आणि सशस्त्र लढ्यातल्या सैन्याचे चीफ ऑफ स्टाफ होते. म्हणजे घोड्यावरचाच माणूस. १९९२ मध्ये गोऱ्यांच्या वर्णभेदी सरकारशी चाललेल्या वाटाघाटी अडल्या होत्या तेव्हा त्यांनी प्रस्ताव मांडला की ठरावीक वर्षं सत्ता वाटून घ्यावी आणि जुन्या राजवटीतल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या व निवृत्तिवेतनाला हमी द्यावी. त्यांच्याच बाजूचे लोक चिडले, कारण ज्यांनी आम्हाला छळलं त्यांचे पगार आम्ही चालू ठेवायचे, हे पचायला सोपं नव्हतं. हा प्रस्ताव दुसऱ्या कुणी मांडला असता तर त्याला गद्दार म्हटलं गेलं असतं, असं मला वाटतं. लढ्यातली पुण्याई त्यांनी इथे खर्च केली. १९९४ मध्ये नेल्सन मंडेला यांच्या मंत्रिमंडळात स्लोवो गृहनिर्माण मंत्री झाले. सैन्याचा माणूस घरं बांधायच्या खात्यात. जानेवारी १९९५ मध्ये ते वारले. मंडेलाही १९९९ मध्ये, एकच कार्यकाळ संपवून, स्वतःहून बाजूला झाले.

इराकमध्ये याच प्रश्नाचं उत्तर घाईत दिलं गेलं. २० मार्च २००३ ला युद्ध सुरू झालं, ९ एप्रिलला बगदाद पडलं. मे महिन्यात तिथल्या अमेरिकी प्रशासनाने एका आठवड्याच्या अंतराने दोन आदेश काढले. एकाने सद्दाम हुसेनच्या बाथ पक्षाच्या वरच्या फळ्यांतल्या लोकांना सरकारी नोकऱ्यांतून काढलं, त्यात शिक्षकही होते. दुसऱ्याने इराकी सैन्यच बरखास्त केलं. लाखो प्रशिक्षित माणसं एका कागदाने बेकार झाली, बंदुकांसकट. युद्ध तीन आठवड्यांत जिंकलं गेलं होतं. पुढची कित्येक वर्षं काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. ऑगस्टसने सैनिक कमी केले ते हातात जमीन आणि पैसे देऊन. इथे आधी फक्त हुकूम निघाला.

मोहिमेची आणखी एक सवय सांगतो, कारण ती तुमच्यात मला आत्ताच दिसतेय. प्रत्येक गोष्टीला एक आकडा, एक तारीख आणि एक घोषणा लावायची. प्रचारात ते चालतं. फिडेल कास्ट्रो यांनी क्यूबात तेच केलं. १९७० च्या हंगामात एक कोटी टन साखर काढायची, असं त्यांनी जाहीर केलं. सगळा देश उसाच्या फडात उतरवला गेला. विद्यार्थी, सैनिक, कारखान्यातले कामगार, कार्यालयातली माणसं, सगळे. १९६९ चा नाताळसुद्धा त्यासाठी पुढे ढकलला गेला. साखर सुमारे ८५ लाख टन निघाली. क्यूबाच्या इतिहासात तोवर एवढी कधीच निघाली नव्हती, आणि तरीही तो पराभव ठरला, कारण ऊस तोडायला गेलेल्या माणसांची बाकीची कामं बसली होती. २६ जुलैला कास्ट्रोंनी लोकांसमोर अपयश कबूल केलं. कबूल केलं हे त्यांच्या बाजूने लिहायलाच हवं. पण ज्यांनी मोजक्या माणसांनिशी डोंगरात लढून सत्ता मिळवली, त्यांना साखरसुद्धा किल्ल्यासारखी सर करायची वाटली, हे मला विसरता येत नाही. दवाखान्यात औषध वेळेवर येणं, शाळेत शिक्षक हजर असणं, पाण्याची गळती बुजवणं, यांना विजयदिन नसतो. ही कामं उद्या पुन्हा करावी लागतात. तुमच्या पहिल्या शंभर दिवसांच्या संकल्पांची यादी मी वाचली. त्यात दुरुस्ती हा शब्द एकदाही आलेला नाही.

आता अशोकाकडे येतो. कलिंगच्या युद्धानंतरचा पश्चात्ताप सगळ्यांना पाठ आहे. तेराव्या शिलालेखात तो स्वतः आकडे देतो. दीड लाख लोक बंदी करून नेले, एक लाख मारले गेले आणि त्याच्या कितीतरी पट मेले. पण खुद्द कलिंगात, धौली आणि जौगड इथे कोरलेल्या लेखांत, हा तेरावा लेख नाही. जिथे घाव घातला तिथे त्याने पश्चात्ताप कोरला नाही. त्या जागी दोन वेगळे लेख आहेत आणि ते अधिकाऱ्यांना उद्देशून आहेत. सगळी माणसं माझी लेकरं आहेत, असं तो तिथे म्हणतो. हे वाक्य बहुतेकांना माहीत असतं. त्यापुढचं फारसं कुणी वाचत नाही. एखाद्या माणसाला विनाकारण कैद होते, छळ होतो आणि त्याच्यामुळे इतरही अनेक जण दुःखी होतात, तेव्हा मध्यम मार्गाने वागा, असं तो नगरातल्या न्यायाधिकाऱ्यांना बजावतो. आणि हे कशामुळे जमत नाही त्याची यादी देतो. मत्सर, चटकन येणारा राग, निष्ठुरपणा, उतावीळ, सरावाचा अभाव, आळस आणि थकवा. अधिकारी असं वागताहेत की नाही हे पाहायला दर पाच वर्षांनी माणूस पाठवीन, असंही त्यात आहे.

ही यादी मी अनेकदा वाचली आहे. उतावीळ आणि थकवा! जिंकलेला सम्राट दगडावर हे शब्द कोरतो, कारण नुसता दयाळू राजा असून भागत नाही, अर्ज हातात घेणारा माणूस थकलेला असेल तर दया तिथेच अडते, हे त्याला कळलेलं होतं. सहाव्या लेखात तो म्हणतो की मी जेवत असेन, अंतःपुरात असेन, कुठेही असेन, लोकांचं काम घेऊन वार्ताहर केव्हाही माझ्यापर्यंत आले पाहिजेत. मोहिमेच्या दिवसांत तुमच्या तंबूत वाईट बातमी आणणाऱ्याला आम्ही दारातच थांबवायचो. नेत्याचं मन खचू नये म्हणून ते बरोबर होतं. आता तोच पहारा तसाच उभा आहे. मागच्या आठवड्यात एका खात्यातल्या अडचणीबद्दल कुणी बोलायला लागलं तर आमच्यातलाच एक म्हणाला, आत्ताच साहेबांना हे सांगायचं नाही. माझ्या विनंत्यांपैकी पहिली हीच आहे. हा पहारा उठवा. तो तुम्हीच उठवू शकता, कारण तुमच्या प्रेमापोटीच तो लावलेला आहे.

शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेलं पत्र आपल्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. राज्याभिषेकाच्या सुमाराचं आहे. पावसाळ्यासाठी घोडदळ तिथे थांबलेलं. पत्रात काळजी कसली, तर दाणा-वैरण आत्ताच बेहिशेबी उडवलीत तर ऐन पावसात काही उरणार नाही, मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल, कुणी दाणे आणील, कुणी गवत, कुणी भाजी. मग जी माणसं कशीबशी टिकून आहेत तीही गाव सोडतील आणि त्यांना मोगलांपेक्षा तुम्ही वाईट वाटाल. आणि त्याच पत्रात हेही, की रात्री दिवा उघडा ठेवू नका, उंदीर जळती वात ओढून नेईल आणि वैरणीला आग लागेल. शत्रूशी लढणाऱ्या आपल्याच फौजेला हे लिहिलेलं आहे. आपली फौज कुठल्या क्षणी लोकांना शत्रूसारखी वाटायला लागेल, हे ओळखणारा राजा उंदराचासुद्धा विचार करतो. तुम्हाला मी आणखी कुठला दाखला देऊ?

तुमच्याकडून काय हवंय ते सरळ लिहितो. नेमणुका कशा झाल्या, कुणी अर्ज केले होते, कुठल्या कसोटीवर निवड झाली, हे प्रसिद्ध करा, आमच्या माणसांच्या नेमणुकाही त्यात आल्या. आधीच्या सरकारने सुरू केलेलं जे काम चांगलं चाललंय ते नाव न बदलता चालू ठेवा, निदान एक तरी, आणि जाहीरपणे. जुने अधिकारी पहिल्याच महिन्यात सरसकट हलवू नका. कुठली फाइल कुठे अडते हे त्यांना ठाऊक आहे, आपल्याला अजून नाही. आणि आमची, कार्यकर्त्यांची, एक सभा घ्या. त्या सभेत आम्हाला स्पष्ट सांगा की यापुढे कार्यालयात आमच्या शब्दाला वेगळं वजन असणार नाही. ते ऐकताना सभागृहात शांतता पसरेल. काही जण उठून जातील, त्यातले एक-दोन तुमचे जुने मित्र असतील. तरीही सांगा. हे तुमच्या तोंडून ऐकलं तरच आम्ही ऐकू. दुसऱ्या कुणी सांगितलं तर आम्ही त्याला आपल्यातला मानणार नाही.

माझ्या सोबत्यांनो, तुमच्यावर माझा राग नाही. त्या कार्यालयातल्या खुर्चीवर मी बसलेलो आहे, तिथे हात कसा चालायला लागतो ते मला माहीत आहे. आपण ज्यांच्यासाठी राबलो असं सभांमधून सांगत होतो, ती माणसं आता रांगेत उभी आहेत. त्यांना पुढे जाऊ द्या.

पुढच्या महिन्यात मला माझ्या एका कामासाठी कार्यालयात यायचं आहे. प्रचारात गळ्यात घातलेलं ओळखपत्र मी घरी ठेवून येईन. नंबर आला की अर्ज पुढे करीन. खिडकीवरच्या माणसाने विचारलंच की कोणाकडून आलात, तर मी सांगेन, घरून आलो.

आपला,
एक कार्यकर्ता